अप्पांची निसर्गसहल

हल्ली फाल्गुन लागला की आमच्या येरमाळ्यावरून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याला गाड्यांची रांग लागते. पुण्या-सोलापूरकडची माणसं पळस बघायला येतात. काच खाली करून हात बाहेर काढतात, हातात मोबाइल असतो, आणि गाडीतल्या पोराबाळांना ओरडून सांगतात की बघा, बघा, केवढा निसर्ग. माझ्या पुतण्याच्या मुलीने गेल्या वर्षी लग्नाआधीचे फोटो काढून घेतले, तेही याच रानात. नवरा मुलगा पळसाखाली गुडघा टेकून बसलेला, डोक्यावर तो भुंग्यासारखा घोंगावणारा कॅमेरा, आणि हिच्या अंगावर असला झगा की त्याचा घोळ उचलून धरायला दोन मैत्रिणी लागल्या. तिने मला ते फोटो मोठ्या हौसेने दाखवले. छान आहेत, असं मी म्हणाले. एवढी वर्षं शाळेत मुख्याध्यापकीण म्हणून काढली, त्यामुळे असलं खोटं मला तोंड वाकडं न करता बोलता येतं. रानाचं कौतुक करायला मोटारीतून येणाऱ्या माणसांबद्दल माझं मत एका दिवसात तयार झालं, आणि ते बदलावं असं नंतरच्या आयुष्यात काही घडलं नाही. तो दिवस आमच्या अप्पांच्या मोटारीचा.

अप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. आमचं कापडाचं दुकान होतं. दुकान चालवायचे माझे वडील, म्हणजे दादा, आणि दुकानाबद्दल बोलायचे अप्पा. दादा गज घेऊन मांजरपाट मोजत उभे, आणि अप्पा गादीवर मांडी घालून गावाला अक्कल शिकवत बसलेले, असं ते चित्र होतं. काकू फार लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं, त्यामुळे अप्पांची सगळी मर्दुमकी आमच्या वाट्याला आली. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, धोतराचा सोगा हातात, आणि जगातला कुठलाही माणूस आपल्यापेक्षा एक पायरी खाली आहे अशी खात्री. माझ्या आईशी त्यांचं समोरासमोर बोलणं नव्हतं. थोरला दीर म्हणून ती पदर पुढे ओढायची आणि आम्हा मुलींपैकी कुणालातरी मध्ये घालायची. ‘सांग भावजींला, चहा झालाय.’ भावजी हातभर अंतरावर बसून ऐकत असायचे, तरी मला तो निरोप पुन्हा सांगावा लागायचा, आणि मग ते मान हलवायचे. लहानपणी मला वाटायचं की त्यांना ऐकू कमी येतं. मोठेपणी कळलं की बाईचा आवाज थेट कानात शिरू देणं त्यांना कमीपणाचं वाटत होतं.

माझ्यासाठी स्थळं बघायला लागले त्या वर्षी त्यांनी मोटार घेतली. लातूरच्या एका डॉक्टरांनी वापरून वापरून टाकलेली पांढरी मोटार होती ती. डॉक्टर फार हुशार असले पाहिजेत, कारण ती विकून ते लगेच मोकळे झाले. अप्पांनी मोटारीच्या तोंडावरही विभूतीचे तीन पट्टे ओढले, आणि ती दुकानासमोर अशी उभी करून ठेवली की गिऱ्हाइकाला वळसा घालून आत यावं लागे. मोटार चालवायला ते कुणाकडून शिकले हे मला आजवर कळलेलं नाही. बहुतेक कुणाकडूनच नाही. सकाळी ती सुरू करताना असा काही खोकल्याचा आवाज काढायची की गोठ्यातली म्हैस दावं ओढायची, आणि आई चुलीपुढे बसल्या बसल्या आचेवरचं दूध बाजूला घ्यायची. गावातल्या चार रिकामटेकड्यांनी ढकललं की मोटार निघायची, आणि मग अप्पा हात बाहेर काढून असे जायचे की जणू ढकलणाऱ्यांवरच त्यांनी उपकार केले.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या भावकीत मुलगी बघायला आलेले लोक चहा घेतात, पोहे खातात, पण जेवत नाहीत. जेवण म्हणजे होकार. त्यात पुरणाचं जेवण म्हणजे तर पक्का होकार. पुरणपोळी खाऊन उठलेला पाहुणा मागाहून ‘कळवतो’ म्हणाला तर पंचक्रोशीत त्याची शोभा व्हायची, आणि त्याच्या घरच्यांना पुन्हा कुणी मुलगी दाखवत नसे. म्हणून मुलाकडचे लोक पोट आवळून यायचे आणि मिळेल त्या गाडीने परत पळायचे. अप्पांनी या रिवाजातून स्वतःची एक विद्या काढली होती. पाहुण्यांना काही करून उपाशी अडकवायचं आणि पुढ्यात पुरण ठेवायचं. माझ्या थोरल्या बहिणीचं, सुलीअक्काचं, लग्न त्यांनी असंच लावलं. ईट गावाहून पाहुणे आले होते. अप्पांनी त्यांना गप्पांत असं गुंतवलं की शेवटची बस निघून गेली. मुक्काम पडला, भूक लागली, पानं मांडली गेली. मुलाचं मन दुसरीकडे होतं हे नंतर सगळ्यांना कळलं. त्याने पुरण खाल्लं, बापाच्या अब्रूसाठी अक्काच्या गळ्यात माळ घातली, आणि त्याचा राग तिच्यावर जन्मभर काढला. घरात काही बिनसलं की तो म्हणायचा, ‘मला पोळी चारून गळ्यात बांधली हिला.’ अक्काच्या घरी सणालासुद्धा पुरण शिजत नसे. एकदा होळीला तिने केलं, तर ते ताटासकट अंगणात गेलं. अप्पा मात्र दुकानात बसून सांगायचे की सुलीचं कसं चुटकीसरशी जमवलं. अशा माणसाबद्दल आदर वाटायला जे लागतं ते देवाने माझ्यात घातलं नव्हतं.

तर अक्कानंतर माझा नंबर. मी बारावी होऊन घरी बसले होते आणि जूनमध्ये धाराशिवला शिक्षिकेच्या कोर्सला जायचं स्वप्न बघत होते. आमच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या की तुझं होईल. दादांनी ना हो म्हटलं ना नाही. ते कशालाच काही म्हणत नसत. आणि अप्पांनी बार्शीचं स्थळ आणलं. कापडाचेच व्यापारी, आमच्याहून मोठे. मुलगा शिवानंद, कॉमर्सचा पदवीधर. या लोकांनी आसपासच्या गावांत किती मुली बघितल्या असतील ते त्यांनाच माहीत. सगळीकडे पोहे खायचे, कळवतो म्हणायचे, आणि कळवायचं कधीच नाही. अप्पांना ते बरोब्बर आपल्या तोलाचं गिऱ्हाईक वाटलं.

दुकानात चहा द्यायला गेले तेव्हा अप्पा दादांना बेत समजावून सांगत होते. मी उंबऱ्याआड थांबून ऐकलं. ‘घरी बसवलं की बस गाठून पळत्यात बघ ती माणसं. मोटारीत घालायचं अन् रामलिंगच्या रानात न्यायचं. म्हणायचं, चला, पळस फुललाय, निसर्ग बघू. तिथं ना हाटेल ना बस. डबा आपला. भुकेला माणूस जातंय कुठं?’ दादा गज खाली ठेवून हसले. त्या हसण्याचा मला अप्पांच्या बोलण्यापेक्षाही जास्त राग आला. मी तशीच मागल्या दारी गेले. आई सुपात हरभऱ्याची डाळ निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं, अक्काचं नाव घेऊन सांगितलं, रडून सांगितलं. ती म्हणाली, ‘व्हय का,’ आणि एक खडा काढून बाजूला टाकला. मी तिच्यासमोर पाय आपटत निघून गेले. मला वाटलं या घरात सगळी मातीची माणसं आहेत.

ठरल्या दिवशी पहाटेपासून घर पुरणाच्या वासाने भरून गेलं. गूळ, सुंठ, वेलदोडा, चुलीवर भाजली जाणारी पोळी आणि तिच्यावर सोडलेलं तूप. एरवी त्या वासाने मी चुलीपुढून हलत नसे. त्या दिवशी शेजारच्या काकू मला पुढच्या खोलीत बसवून वेणी घालत होत्या आणि मी तोंडाने श्वास घेत होते. मागून पाटा-वरवंट्याचा आवाज, बांगड्यांचा आवाज, आईचं बारीक खोकणं, सगळं नेहमीसारखं चाललं होतं. मला तेच सहन होत नव्हतं. आपल्या पोरीला विकायचं सामान एवढ्या निगुतीने कसं करता येतं, असं मनात येत होतं.

पाहुणे सकाळच्या बसने आले. मुलाचे वडील गोरे, गुबगुबीत, अंगावर इस्त्रीचा नेहरू शर्ट, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायची सवय. मुलाची आई म्हणजे नथ, बांगड्या आणि शंका. शिवानंदच्या गळ्यात कॅमेरा होता. त्याने दिवसभर तो डोळ्याला लावला, पण रीळ संपलंय हे त्याने मला नंतर स्वतःच सांगितलं. तरी तो गळ्यातून काढला नाही. चहा झाला, पोहे झाले. मुलाचे वडील घड्याळ बघू लागताच अप्पा उठले आणि म्हणाले, आता जुना जमाना राहिला नाही, मुलगी काय पाटावर बसवून बघायची असते का, चला, मोटार उभी आहे, निसर्गात जाऊ, मोकळ्या हवेत मुलांचं बोलणं होईल. बार्शीच्या लोकांना आपण जुन्या जमान्यातले ठरू नये एवढीच काळजी होती, त्यामुळे ते लगेच उठले. पुढे अप्पा, मुलाचे वडील आणि शिवानंद. मागे मुलाची आई, मी आणि माझी आई. आईच्या मांडीवर जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधलेला मोठा पितळी डबा. दादांना जागा उरली नाही. ते दुकानाच्या पायरीवर उभे राहून हात हलवत होते, जणू आम्ही काशीला निघालो होतो.

रानाबद्दल खरं बोलायचं तर त्या दिवशी ते सुंदर होतं. हे मान्य करायला मला अजूनही जिवावर येतं. बालाघाटाचे डोंगर फाल्गुनात उघडेबोडके होतात, गवत वाळून पिवळं पडतं, सीताफळीच्या नुसत्या काड्या राहतात, आणि त्या सगळ्या वाळल्या पसाऱ्यात मध्येच पळस पेटलेला असतो. एखाद्या वळणावर काटेसावरीची लाल फुलं रस्त्यावर पडलेली, कुठे कडुनिंबाचा मोहर, कुठे पिंपळाची कोवळी तांबूस पालवी. वाऱ्याला उन्हाचा आणि फुलांचा मिळून एक वास होता. पण असल्या रानाकडे बघायला माणसाचं मन ठिकाणावर लागतं. मोटारीत त्याकडे बघणारे तीन होते. अप्पा प्रत्येक वळणावर हात सोडून डोंगर दाखवायचे, जणू तो त्यांनीच लावला होता, आणि मोटार कडेच्या खडीवर जायची. मुलाचे वडील विचारत होते की ही टेकडी कुणाच्या मालकीची, इथे दगडाची खाण निघेल का. शिवानंद मान मागे वळवून म्हणाला, ‘किती रमणीय आहे, नाही? तुम्हाला निसर्ग आवडतो का?’ मी म्हटलं, ‘आम्ही सरपणाला येतो इकडं.’ त्याने पुढे तोंड वळवलं ते बराच वेळ फिरवलं नाही.

मुलाच्या आईला निसर्गाशी देणंघेणं नव्हतं. ती कामाला आली होती. तिने माझी वेणी हातात घेऊन हळूच ओढून बघितली, गंगावन आहे का म्हणून. रस्त्याकडेचा मैलाचा दगड दिसला की म्हणायची, ‘वाच बरं बाळ, काय लिहिलंय,’ म्हणजे शिक्षण आणि नजर दोन्ही एका दगडात तपासून व्हायचं. मी वाचत होते. येडशी. पुन्हा येडशी. पुढच्या दगडावरही येडशी. बैलबाजारात दात बघतात, तिथे निदान बैलाला वाचायला लावत नाहीत. माझी आई खिडकीतून बाहेर बघत होती, दोन्ही हात डब्यावर.

चढाला मोटार तापली. अप्पांचा बेत होता की लांबच्या रस्त्याने, थांबत थांबत न्यायचं, म्हणजे जेवणवेळ टळेल. मोटारीने त्यांच्या मनातलं त्यांच्याहून चांगलं ओळखलं. पुढून वाफ निघाली, मोठा उसासा टाकून ती थांबली, आणि मग अप्पांना आठवलं की तिच्यात पाणी घालायचं असतं. आम्ही प्यायला घेतलेलं कळशीभर पाणी त्यांनी सगळंच्या सगळं तिच्यात ओतलं. झाडाला पान नाही, त्यामुळे सावली नाही. मुलाचे वडील रुमाल डोक्यावर टाकून दगडावर बसले. मुलाच्या आईने त्या संकटातही संधी साधली. मला म्हणाली, जरा पुढपर्यंत जाऊन बघ, कुणी दिसतंय का. मी चढ चढून गेले आणि आले, आणि ती नवऱ्याला म्हणाली, ‘चालती बरी.’ मला तेव्हा तिथेच रस्त्यावर बसकण मारावीशी वाटली.

रामलिंगला पोचेपर्यंत ऊन माथ्यावरून कलायला लागलं होतं. देऊळ खाली दरीत आहे. पायऱ्या उतरून गेलं की ओढा, पण त्या दिवसांत तो कोरडाच, नुसते गोटे. देवाला हात जोडले, तिथल्या पाण्याने घसे ओले केले, आणि उंबराखाली जाजम पसरलं. भोवती वानरं येऊन बसली. तीही पाहुण्यांसारखीच, काही घेणार नाही असा चेहरा करून डब्याकडे बघत होती. आता अप्पांना कंठ फुटला. ‘रानात आलोय, आता आपलं-परकं काय? चार घास खाऊन घ्या.’ मुलाचे वडील म्हणाले की आमच्यात तसं नसतं, ठरल्याशिवाय आम्ही जेवत नाही. हे ते म्हणत असताना त्यांचं पोट इतक्या मोठ्याने बोललं की शिवानंद ओशाळून वानरांकडे बघू लागला. अप्पा घाईत नव्हते. त्यांनी पोळ्यांचं वर्णन सुरू केलं. तूप घरच्या म्हशीचं, पुरण पाट्यावर वाटलेलं, पोळी अशी की फुंकर मारली तर उडेल. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि मला असं वाटत होतं की या माणसाने अक्काच्या वेळीही हेच, याच आवाजात सांगितलं असेल.

शेवटी मुलाची आईच फुटली. नवऱ्याला म्हणाली, ‘अहो, रानातलं खाणं ते. त्याला काय घरचं जेवण म्हणत्यात व्हय? जीव चाललाय माझा.’ त्याने एकदा बसच्या दिशेला बघावं तसं डोंगराकडे बघितलं, आणि हात पुढे केले. अप्पांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी आजही डोळे मिटले की बघू शकते आणि आजही मला किळस येते. मला भीती वाटली. एक घास त्या माणसाच्या पोटात गेला की माझा जून संपला, धाराशिव संपलं, आणि आयुष्यभर कुणीतरी मला ऐकवणार की पोळी चारून गळ्यात बांधली. डबा उचलायचा आणि ओढ्यात, वानरांत भिरकावून द्यायचा, पुढे काय व्हायचं ते होवो, असं ठरवून मी उठलेसुद्धा. आईने माझं मनगट धरलं. तिचा हात खरखरीत आणि कोरडा होता. ‘बस,’ म्हणाली.

मग तिने धडप्याची गाठ सोडली आणि झाकण काढलं. आत ज्वारीच्या भाकरी होत्या. एकावर एक, पांढऱ्या, नीट रचलेल्या. कोपऱ्यात शेंगदाण्याची चटणी आणि चार कांदे.

अप्पांनी डब्यात वाकून बघितलं. पुन्हा बघितलं, जणू पोळ्या भाकरीखाली लपून बसल्या असतील. ‘पोळ्या?’ ते म्हणाले. आईने पदर आणखी पुढे ओढला आणि माझ्याकडे तोंड करून म्हणाली, ‘सांग भावजींला, डबा चुकला. गड्यांचा आला.’ मी अप्पांकडे वळून सांगितलं. ‘डबा चुकला, अप्पा. गड्यांचा आला.’

अप्पांची जी गोची झाली ती बघायला मी पुन्हा तेवढं सगळं सोसायला तयार आहे. ओरडावं तर कशावर ओरडायचं? पाहुण्यांसमोर म्हणायचं काय, की तुम्हाला अडकवायला केलेलं पुरण घरी राहिलं? आणि बार्शीच्या पाहुण्यांचा जीव भांड्यात पडला. भाकरीला काय हरकत, भाकरी तर वाटसरूलाही देतात, असं म्हणत मुलाच्या वडिलांनी मांडी ठोकली, बुक्कीने कांदा फोडला आणि असे जेवले की बघत राहावं. नेहरू शर्टाच्या बाह्या वर, बोटं चटणीने लाल. शिवानंदने कॅमेरा पाठीवर टाकला आणि दोन्ही हातांनी खाल्लं. मुलाच्या आईने जाता जाता विचारलंसुद्धा, चटणीत लसूण जास्त घालता का तुम्ही. रमणीय निसर्गाकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. अप्पाही शेवटी एक भाकरी घेऊन चावत बसले, कारण भूक त्यांनाही लागली होती.

परतताना मोटार शिवानंदला ढकलावी लागली. येरमाळ्याला उतरल्या उतरल्या त्यांनी बार्शीची बस धरली, खिडकीतून ‘कळवतो’ म्हणाले, आणि त्यांच्या रीतीप्रमाणे कळवलं नाही. बस वळली आणि अप्पांचा बांध फुटला. बायकांच्या डोक्यात काय असतं, साधा डबा ओळखता येत नाही, हातातलं स्थळ घालवलं, असं ते ओट्यावर उभं राहून अख्ख्या गल्लीला ऐकवत होते. आई आत भांडी आवरत होती. दादा मान खाली घालून कापडाची घडी घालत होते, जी आधीच घातलेली होती. पुढे मी कोर्सला गेले, नोकरीला लागले, आणि अप्पा म्हातारे होऊन अंथरुणाला खिळेपर्यंत हीच गोष्ट सांगत राहिले. कुणी आलं की सुरू. आमच्या भावजयीची अक्कल कशी, तर पुरणाऐवजी गड्यांच्या भाकरी घेऊन आली रामलिंगला. ऐकणारे हसायचे. आई चहा घेऊन आलेली असली तर तीही पदराआड हसायची, आणि अप्पांना वाटायचं की ती लाजली.

मला अप्पांच्या धूर्तपणाबद्दल कधी काही वाटलं नाही, कारण त्यात धूर्तपणा नव्हताच. घरात पुरण शिजतं त्या दिवशी शेतावरच्या गड्यांनाही पोळीच जाते, हे आमच्या दारात वाढलेल्या कुठल्याही पोरीला माहीत होतं. त्या दिवशी भाकरी थापायचं काही कारणच नव्हतं. मग त्या आल्या कुठून, कुणी पीठ मळलं, कधी थापल्या, चटणी कधी कुटली? ज्या घरात जन्म काढला, दोन वेळा ताटावर बसले, त्या घरात भाकरी कशी होते हे त्यांनी एकदाही वळून बघितलं नव्हतं. बघितलं असतं तर आई पहिल्या क्षणाला पकडली गेली असती. आईने सगळा डाव त्याच एका गोष्टीवर लावला होता, आणि तिला हरायची भीती नव्हती. मी तोंडाने जेवढा तिरस्कार आयुष्यभर केला, त्याच्या कितीतरी पट तिने त्या एका डब्यात बांधून नेला, आणि ज्याच्यासाठी नेला त्याला तो शेवटपर्यंत कळलाही नाही.

त्या संध्याकाळी ओट्यावरचा आरडाओरडा चालू असतानाच आईने मला आत बोलावलं. उतरंडीमागून परात काढली, वरचं फडकं दूर केलं. डब्यासाठी केलेल्या सगळ्या पोळ्या तिथे होत्या. तिने माझ्या ताटात एक वाढली, वर दूध-तूप घातलं, एक स्वतःला घेतली, आणि पुरुषमाणसं जेवायच्या आधी माझ्यासमोर मांडी घालून बसली. हे मी तोवर कधी बघितलं नव्हतं. मी विचारलं, आई, तू हे ठरवून केलंस ना. डाळ निवडत होतीस तेव्हाच ठरवलं होतंस ना. तिने माझ्या पोळीवर आणखी तूप सोडलं. मी आपली बोलतच होते, की अप्पांचं तोंड कसं झालं, बार्शीवाले कसे तुटून पडले, अक्काला सांगितलं तर ती किती हसेल. अक्काचं नाव निघालं तसा तिचा हात ताटावर थांबला. बाहेर अप्पा अजून तिची अक्कल काढत होते. तिने मोडलेला घास तोंडात घातला नाही, परत ताटात ठेवला.

‘सुलीच्या वेळंला सुचलं न्हाय गं मला,’ ती म्हणाली.